घर भिंतीपलीकडेच

नाही, पाय खाली सोडू नका मॅडम. त्या खुर्चीवर ठेवा — ठेवा हो, कुणी काही म्हणत नाही. हा अश्रफचा चहाचा ठेला, आणि अश्रफ म्हणजे माझ्या मावशीचा जावई, तेव्हा खुर्च्या घरच्याच समजा. सुजलाय जरा. मुरगळलाय, मोडलेला नाही. मोडला असता तर तुम्ही अशा शांत बसला नसतात, आख्खं कर्नाकचं देऊळ डोक्यावर घेतलं असतंत. — अश्रफ! बर्फ आण रे, फडक्यात बांधून आण. आणि मॅडमना गार करकदे, साखर कमी. मला चहा, साखर नेहमीची — तू नको मला साखरेवरून बोलू, घरी एक आहे तेवढी पुरे आहे बोलायला. — तर बघा, तुमची बाकीची मंडळी त्या खांबांच्या जंगलात आहेत, मी त्यांना मोकळा वेळ दिलाय, ते फोटो काढतील, हरवतील, सापडतील. दर खेपेला एक तरी हरवतो. मागच्या वेळी एक आजोबा दुसऱ्याच जहाजाच्या बसमध्ये जाऊन झोपले, चांगले घोरत होते, त्या बसच्या गाईडला वाटलं हे आपलेच. आज तुमचा नंबर लागला असता, पण पाय आडवा आला. बरंच झालं म्हणायचं. इथून सगळं दिसतं — ते तळं, पुरोहित त्यात पहाटे आंघोळ करायचे, बाराही महिने, थंडीत सुद्धा. तो राणीनं उभारलेला दगडी सुळका, तो दुसऱ्या सुळक्याचा आडवा पडलेला तुकडा. पाहिलंत? झालं तुमचं कर्नाक. बाकीचे उन्हात तंगड्या तोडून यापेक्षा जास्त काही बघत नाहीत.

मी? मी बसतो ना. बसलोच आहे. — बरं, उभा आहे. बसतो. सवय आहे हो, गाईड माणूस बसला की लोकांना वाटतं हा दमला, आणि गाईड दमला की बस दमते. सफागाच्या धक्क्यावर तुम्ही जहाजातून उतरलात तेव्हापासून मी बोलतोय, वाळवंटभर बोलतोय, राजांच्या दरीत बोललो, जेवताना बोललो, तुमच्यातले अर्धे झोपले तरी बोलत होतो. मला गप्प बसता येत नाही. माझी बायको म्हणायची, हज्जाज, तू मेलास तरी तुझी जीभ दोन दिवस हलत राहील. तीच आधी गेली, सनिया. तिची जीभ हलली नाही. चार वर्षं झाली. — नाही, नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुम्हाला काय माहीत. प्या ना ते. जास्वंदीच्या फुलांचं सरबत आहे, आंबट लागतंय? पोटाला चांगलं असतं.

काय बघतोय? कुठे काय? काही नाही. ती भिंत बघतोय. जुनी आहे, कच्च्या विटांची, अडीच हजार... जाऊ द्या, तुम्हाला आकडे आता पुरे झाले असतील. — हो, पुन्हा उठलो, खरं आहे. तुमची नजर बारीक आहे मॅडम, जहाजावरच्या बायका सहसा एवढं बघत नाहीत. बरं, सांगतो. त्या भिंतीच्या वर बघा, खजुराची झाडं संपतात तिथे. निळी टाकी दिसते? टाकीच्या शेजारी कबुतरांचं खुराडं? ते माझं घर. माझं म्हणजे आमचं — खाली मी आणि माझी मुलगी, वर माझा थोरला भाऊ बद्री आणि त्याचं कुटुंब. इथून हाक मारली तर ऐकू जाते. सनिया असताना मी मुद्दाम इथे मोठ्यानं बोलायचो, लोकांना आमून देवाची गोष्ट सांगताना, आणि ती छतावर कपडे वाळत घालताना हात करायची. लोकांना वाटायचं ही पण देवळातलीच.

जाऊन या म्हणता? आता? नाही हो. कामावर असताना घरी जाणं बरं नाही. आणि आज तर नाहीच नाही. आज घरी पाहुणे आहेत. — हो, पाहुणे आहेत म्हणून जात नाही. म्हणजे तसं नाही. म्हणजे... अश्रफ, हा चहा आहे की धुणं धुतलेलं पाणी? दुसरा आण.

मुलीला बघायला आलेत. बघून झालंय तसं, आज बोलणी करायला आलेत. दुपारच्या नमाजेनंतर. नमाज मघाशीच झाली ना, तुम्ही विचारलंत तो आवाज कसला, तेव्हाच. म्हणजे आता बसले असतील, आमच्या बैठकीत, त्या हिरव्या सोफ्यावर. मुलाची आई आत बायकांत, इकडे मुलाचा बाप, दोन काका, गावचा एक म्हातारा शब्द द्यायला-घ्यायला, आणि मुलगा मध्ये, गळपट्टा लावून — एवढ्या गरम खोलीत गळपट्टा लावून येतो तो, मागे आला होता तेव्हा पण, घामानं निथळत होता. वाएल नाव त्याचं. एस्नाचे आहेत. एस्ना म्हणजे इथून पुढे नदीकाठचं गाव, तुमचं जहाज... नाही, तुमचं समुद्रातलं जहाज, ते नाही जात तिकडे. एस्नाची माणसं कशी असतात विचारू नका. एस्नाच्या माणसाशी हात मिळवला की बोटं मोजून घ्यावीत, असं आमच्याकडे म्हणतात. एस्नावाले आमच्याबद्दल हेच म्हणतात, ते सोडा.

मग बाप इथे काय करतोय? बघा, तुम्ही विचारलंच. बाप नोकरी करतोय! जहाज आलं की आलं, मॅडम. जहाज काय थांबतं का, आज ह्या माणसाच्या मुलीची बोलणी आहेत, आपण परवा जाऊ या? पोरीला पण मी हेच सांगितलं. अचानक काम आलं म्हटलं. ती कणीक मळत होती, आमच्याकडे उन्हात फुगवतात ती भाकरी, ताटल्यांत गोळे घालून छतावर ठेवत होती, आणि तिने वळून सुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "बाबा, तुमच्या ऐवजी सामी जाईल ना, सामी नेहमी म्हणतो मला एखादी बस द्या." हुशार आहे. आईवर गेली आहे. मी म्हटलं, सामीचं पोट बिघडलंय. — नाही, नव्हतं बिघडलं. सामी, माझ्या हाताखाली तयार झालेला गाईड, ठणठणीत आहे. सामीला मी काल फोन करून सांगितलं की ही बस मला हवी आहे, भांडून मागितली, तो म्हणाला उस्ताद तुमची मर्जी. झालं समाधान? काय बघता अशा? आमच्याकडे बापाशिवाय असल्या गोष्टी होत नाहीत. बाप नाही तर बोलणी नाहीत. पाहुणे येतील, बदक खातील, चहा पितील, हवापाण्याच्या गप्पा मारतील आणि परत जातील. तेवढंच.

त्या बायका बघा, त्या. दगडी किड्याभोवती फिरताहेत. शेणातला किडा आहे तो, मॅडम, आणि त्या डोळे मिटून फेऱ्या मारताहेत — सात मारल्या की नवरा मिळतो, मूल होतं, काय काय होतं. बसमध्ये मीच सांगितलं ना तुम्हाला. फॅरोच्या काळापासूनची प्रथा आहे म्हणालो. कसली प्रथा! गाईड लोकांनीच काढलेलं असणार, माझ्या गुरूने मला सांगितलं, मी सामीला सांगितलं, आता सामी अशी सांगतो की मलाच खरं वाटतं. रीहाम — माझी मुलगी — ती दहावीच्या परीक्षेआधी येऊन फिरून गेली होती. मी म्हटलं अगं, हे आपणच काढलेलं आहे. तर म्हणते, "म्हणून काय झालं बाबा, किड्याला कुठे माहीत आहे." हसत होती. खूप हसते ती. आता औषधाच्या दुकानात असते, शिकली आहे ना त्यातलं, पांढरा कोट घालते. तिथेच हा वाएल आला. आईसाठी औषध न्यायला आला, मग डोकेदुखीची गोळी न्यायला आला, मग पुन्हा डोकेदुखी, पुन्हा डोकेदुखी — कुवेतहून सुट्टीवर आलेला माणूस, एवढं डोकं दुखतं तर डॉक्टरकडे जा ना! रीहामने शेवटी सांगितलं त्याला, आता गोळी देणार नाही, पोट खराब होईल, काय बोलायचं ते वडिलांशी येऊन बोला. असं सांगितलं. तोंडावर.

कुवेत, हो. तिथे विजेची कामं करतो, लिफ्ट वगैरे. तिकडे नेणार तिला. मुलगा... मुलगा तसा ठीक आहे. कान मोठे आहेत. नाही, तसे फार मोठे नाहीत. आईला धरून चालवतो, ते मला आवडलं, रस्ता ओलांडताना तिचा हात धरून उभा राहतो, गाड्या गेल्या तरी धरूनच. पण उंची कमी. आणि एस्ना. आणि हसला की हिरड्या दिसतात. आणि आमच्याकडे कोण करेल त्याची चौकशी, कुवेतमध्ये तो काय करतो, कुणाबरोबर राहतो, काय खातो? चौकशी केली मी. चांगलं निघालं सगळं. हेच तर! चौकशी केली आणि चांगलं निघालं की माणसानं करायचं काय?

तिला विचारलं का? विचारायचं काय, तिनेच सांगितलं. मी भाजी निवडत होतो, ती तळत होती, मागे वळली, हातात झारा, तेल ठिबकतंय, आणि म्हणाली, "बाबा, मला त्याच्याशी लग्न करायचं आहे." अशी. आमच्या आयाबहिणींनी असं वाक्य कधी उच्चारलं नाही मॅडम. लाजायच्या, कोपऱ्यात जायच्या, आणि त्यावरून आपण ओळखायचं. आणि ही झारा हातात घेऊन! मी म्हटलं, बघू. तेव्हापासून गातेय ती. सकाळी गाते, भांडी घासताना गाते, आवाज काही खास नाही. मला झोपेतून तिच्या गाण्यानं जाग येते आणि वाटतं, गाऊ नको गं. बस, गाऊ नको.

तुम्हाला आहे मुलगी? — एक? कुठे असते? — बघा! बघा म्हणजे काय, काही नाही. बोलते ना, फोन करते? रविवारी. रविवारी बरं. आणि म्हणून तुम्ही अशा एकट्या जहाजावर फिरत... — अरे देवा. मॅडम, माफ करा. मला तसं म्हणायचं नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे माझं नेहमीचं आहे. तुम्हाला आवडतं फिरायला, ते वेगळं. बर्फ सरकलाय, थांबा, नीट बांधतो. मी एवढंच म्हणतो की सकाळी कुणी तरी चहा पुढे ठेवतं आणि "साखर एकच चमचा" म्हणून भांडतं, आणि मी सफागाहून मध्यरात्री परतलो तरी दिवा चालू असतो, ह्याला किती दिवस... मला स्वयंपाक येत नाही. कपडे कुठे ठेवलेत ते माहीत नाही. हे कारण आहे का? नाही आहे. मला माहीत आहे नाही आहे. त्यापेक्षा एस्ना बरं कारण आहे.

गाड्या! ती धूळ दिसली? बद्रीची पांढरी गाडी ती पुढची, मागची त्यांची मिनीबस. आत्ता आले म्हणजे. उशीर केला; एस्नावाले. बरं, बसतो, बसलो.

तसं मी वाऱ्यावर सोडलेलं नाही काही. व्यवस्था केली आहे. — तुम्ही कुणाला सांगणार आहात? तुमचं जहाज आज रात्री सुटणार. तर ऐका. आमच्याकडे, म्हणजे इकडे दक्षिणेच्या भागात, मुलीवर पहिला हक्क असतो चुलत भावाचा. सख्ख्या चुलत भावाचा, काकाच्या मुलाचा. — तुमच्याकडे चालत नाही? पुष्कळ ठिकाणी चालत नाही, तोंड वाकडं करतात लोक. आमच्याकडे चालतं. नवरी घोड्यावर बसलेली असली, वरात निघालेली असली, तरी चुलत भाऊ तिला खाली उतरवू शकतो, अशी म्हण आहे. आता कुणी उतरवत नाही म्हणा. नुसतं विचारतात — घरात चुलत भाऊ आहे का, त्याची काही हरकत? आणि चुलत भाऊ म्हणतो, छे छे, मुबारक असो, मोकळी आहे. रीत म्हणून. तर मी गेलो बद्रीकडे, वर. भाऊ, म्हटलं, एवढं एक काम कर. ते विचारतील तेव्हा मोकळी आहे म्हणू नकोस. म्हण, मुंतसिर आहे. मुलीचा चुलत भाऊ आहे, त्याच्या मनात आहे. बस, एवढंच. ह्यावर कुणाला राग येत नाही, अपमान होत नाही, पाहुणे मान खाली घालतात आणि उठतात. साप मेला पाहिजे, काठी तुटता कामा नये. मी वाईट नाही, तू वाईट नाहीस, एस्नावाले वाईट नाहीत — रीत आडवी आली, काय करणार! आणि पोरीला माझ्यावर रागावता पण येत नाही. मी तर घरीच नव्हतो.

मुंतसिर? तो माझा पुतण्या, बद्रीचा धाकटा. कैरोत असतो. काय करतो ते त्याला विचारलं तर दर वेळी वेगळं सांगतो. पोरगा म्हणजे... आपल्याच घरचा आहे, काय बोलायचं, आपलेच दात आपलेच ओठ. दुपारी उठतो. तापट आहे. सख्ख्या बहिणीच्या घरी चहा गार आला म्हणून ट्रे भिंतीवर मारला त्यानं, भरलेल्या पेल्यांसकट. रीहाम आणि तो एका ताटात जेवलेत लहानपणी, ती त्याला भाऊच मानते, राखेच्या ढिगावर दोघं खेळायची. तो तिच्या वेण्या ओढायचा आणि ती मला येऊन सांगायची. त्याचं आणि तिचं लग्न कुणाच्या स्वप्नात नाही. दोनदा जमलेलं मोडलंय त्याचं. म्हणूनच तर नाव घ्यायला सोपा, कळलं का? नुसतं नाव. नाव घ्यायचं, पाहुणे गेले की नाव खिशात परत.

बद्री काय म्हणाला? चहा ढवळत राहिला. मी सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, तो पेल्यात बघत होता, मग म्हणाला, "बरं." थोरला आहे, कमी बोलतो. मला बाप नाही आठवत, मला त्यानेच वाढवलंय. तो बरं म्हणाला म्हणजे बरं. आज सकाळी अंधारात निघताना त्याला पुन्हा फोन केला. म्हटलं, भाऊ, मी नाही, तूच आहेस माझ्या जागी. तुझा शब्द तो माझा शब्द. तो म्हणाला, "काळजी करू नकोस, हज्जाज. तुझी पोर कुठे जात नाही." बघा किती चांगलं बोलला. मुंतसिर पण आलाय म्हणे काल कैरोहून. ईदला आला नाही पठ्ठ्या, आणि काल आला, वहिनीनं केस कापायला पिटाळलं त्याला. मी म्हटलं बदक खायला आला असेल.

काय? — केस का कापले? मला काय माहीत, वाढले असतील. तुम्ही बायका म्हणजे... केसांत काय आहे.

थांबा. थांबा, थांबा. मिनीबस हलली. हलली ना? तुमची नजर चांगली आहे, बघा हो, माझं दूरचं जरा... वळतेय. निघाली! निघाले ते! एवढ्यात! बदक सुद्धा खाल्लं नसेल. अश्रफ, अरे, काय ते गोड असेल ते आण मॅडमना, माझ्याकडून, आण, आण! सुंठीवाचून खोकला गेला. एक शब्द, आणि गेला. बद्री म्हणजे बद्रीच. आता कशी रात्रभर झोप लागते बघा मला. रडेल ती. चार दिवस रडेल, आठ दिवस रडेल, दार लावून घेईल, मला माहीत आहे. मी तिला घेऊन जाईन नदीपलीकडे, मावशीकडे, ऊस खायला — आवडतो तिला. मग सांगीन, अगं, तुला काय कमी आहेत? इथला कुणी तरी बघू. इथला, लक्सरचा, चालत जाता येईल असा. गाणं बंद होईल थोडे दिवस. होऊ दे. — तो गळपट्टा काढला असेल त्यानं मिनीबसमध्ये. आईचा हात धरला असेल... मॅडम, तुम्ही खात नाही? तिळाचं आहे, खा.

मी चांगलं केलं नाही असं वाटतं तुम्हाला. बोला ना, गाईडला लोक काय काय बोलतात, मला सवय आहे. — तुम्ही तुमच्या मुलीला जाऊ दिलंत. हो. हो, आणि ती रविवारी फोन करते, आणि तुम्हाला तिच्या आवाजावरून कळतं ती खूश आहे का नाही ते. आणि ती असते खूश. — असते ना? — बरं. मी काही बोललो नाही.

ऐकलंत?

ते — ते लू-लू-लू. जीभ हलवून करतात तसा आवाज. बायकांचा. हो, आनंदाचा असतो, लग्नाकार्यातला. आमच्याच बाजूने... नाही, शेजारचं असेल. शेजारी बारसं होतं की काय. आमच्याकडून कसा येईल, पाहुणे तर गेले. हा आवाज फातिहा वाचून झाल्यावर करतात, मॅडम. म्हणजे सगळे पुरुष हाताची ओंजळ धरून बसतात, कुराणातली पहिली प्रार्थना मनात वाचतात, तोंडावरून हात फिरवतात, की झालं, मुलगी दिली. लेखी नाही, काही नाही, पण दिली. मग आतून बायका तो आवाज काढतात. पण त्याला मुलगा लागतो ना समोर, मुलाचा बाप लागतो... पुन्हा. पुन्हा काढला. हा तर वहिनीचा आवाज आहे. वहिनीचा शेवटी फाटतो, असा, हा बघा फाटला. वहिनीला कसला एवढा आनंद...

मुलाचा बाप.

फोन. माझाच वाजतोय. बद्री. — हं, भाऊ. — हो, ऐकू आला. इथे आहे, देवळात, तळ्यावर. — गेले ते, पाहिलं मी, गाडी वळताना पाहिली, फार उपकार केलेस — हं? — कुणाची फातिहा? — भाऊ, नाही, तसं नव्हतं आपलं बोलणं. — हो. हो, मीच म्हणालो. मुंतसिर आहे म्हण असं म्हणालो मी, पण म्हण म्हणजे... — हो, माझ्या जागी, म्हणालो. सकाळी म्हणालो. — घरातलं घरात राहिलं, हो. वरच्या मजल्यावर. हो. हो, कुठे जाणार नाही. — नाही, आवाजाला काय झालंय, काही नाही, इथे गर्दी आहे. — भाऊ, ऐक ना, तिला विचारलं होतं कुणी — बरं. बरं. दे. दे तिला.

रीहाम? — रीहाम, बेटा, मी...

...

हं. — हं.

ठेवला.

नाही, रडत नव्हती. एकच शब्द बोलली. मुबारक. आमच्याकडे फातिहा झाली की सगळे मुलीला मुबारक म्हणतात, मुलीच्या बापाला म्हणतात, ज्याला आनंद झाला असेल त्याला म्हणतात. तिने मला म्हटलं. मुबारक, बाबा. नीट म्हणाली, सावकाश, दुकानात गिऱ्हाइकाला औषध कसं घ्यायचं ते सांगते तशी. आणि फोन ठेवला.

जा म्हणता? — ओरडू नका मॅडम, लोक बघतात. माहीत आहे मला भिंत जवळ आहे, माझंच घर आहे ते. मागच्या दाराने गेलो तर तुमच्या मंडळींचे फोटो काढून होईपर्यंत पोहोचेन. आणि जाऊन? काय सांगू? पुरुष बसलेत तिथे सगळे, ओंजळी अजून गरम असतील त्यांच्या. त्यांच्यासमोर सांगू, भाऊ, मी तुला खोटं बोलायला सांगितलं होतं, तू ते खरं केलंस? ज्याने मला वाढवलं त्याला, त्याच्या मुलासमोर, त्याच्या बायकोसमोर? शब्द परत मागू? आमच्याकडे माणसं ह्यावरून आयुष्यभर एकमेकांच्या मैतीला जात नाहीत. एक जिना आहे मध्ये आमच्या, मॅडम, एकच जिना. — हो, पोर म्हणू शकते नाही. निकाहाला मौलवी तिला विचारतो, तुझी खुशी आहे का. म्हणू शकते. पण त्या वेळी बाप तिच्या मागे उभा असावा लागतो. बाप असा तळ्यावर चहा पीत बसला असेल तर ती कोणाच्या जोरावर म्हणेल?

बोलेन मी. उद्या बोलेन. बद्रीला एकट्याला गाठून बोलेन, हळूच, तो ऐकतो माझं. एस्नावाल्यांना पण निरोप धाडता येईल, वाएलची सुट्टी आहे अजून थोडी... किती आहे कोण जाणे. उद्या नाही तर परवा. आज बस आहे. आज एवढी माणसं सफागाला पोहोचवायची आहेत, जहाज थांबत नाही, तुम्हालाही माहीत आहे जहाज थांबत नाही. सामीला — नाही, सामी आता कुठून येणार, आणि ड्रायव्हरला तुमच्यातलं कोण कुठलं काही ठाऊक नाही. काम म्हणजे काम.

बघा, आलीच तुमची मंडळी. टोप्या दिसताहेत. सगळे आलेले दिसतात, आज कुणी हरवलं नाही. उठा. हात द्या, नाही, खांद्यावर ठेवा, पूर्ण भार टाका. त्या फुटक्या फरशीवरून नको, इकडून, इकडून सपाट आहे.

नको मॅडम. आता काही बोलू नका. चला.